स्थळ

जानेवारीचा पहिला आठवडा.
आठच्या बातम्या संपता संपता फोन वाजतो,
शेफिल्डहून एल्वुड.
"पडतोय का?"
नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मी पडदा सारते. फायलीचा किनारा ओला, करडा,
पिळायच्या राहिलेल्या चादरीसारखा.
"सरी आहेत. अर्धा बर्फ, अर्धं पाणी.
दगडावर टेकला की संपला."
"किती इंच?"
"इंच कसले! मोजायला थांबतो कुठे तो?"

याला यायचं असतं ऑगस्टात.
बारा दिवस, नाश्त्यासकट, मागची खोली,
जिच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही,
दिसतात बेकरीची डबडी आणि एक मांजर.
तेवढ्यासाठी हा भर थंडीत बर्फ विचारतो.
"स्थळ पक्कं करायचंय," म्हणतो,
जशी मुलगी देण्याआधी
आडून आडून चौकशी करावी:
माणसं कशी आहेत? म्हणजे,
पाहुणे उठून गेल्यावर कशी आहेत?

आणि स्थळं तीन, हे मला उशिरा कळलं.
साडेआठला व्हिटबीची थॅक्रेबाई,
पावणेनऊला क्रोमरची कुणी आयव्ही.
थॅक्रेबाईनेच सांगितलं, चर्चच्या जत्रेत, केक चघळत.
तिला काय, माळरानावरून वारा आला
की रस्ते बंद, गुडघाभर थर,
ऐटीत सांगत असणार.
आमच्याकडे रेडिओवरचा तो पोरगा
रोज एकच वाक्य घोळवतो:
उंचावर हिमवर्षाव, किनाऱ्यालगत पाऊस.
किनाऱ्यालगत. म्हणजे आम्ही.
समुद्र अजून शरदाची ऊब उराशी धरून बसलेला,
एवढ्या वरून निघालेलं पांढरं
शेवटच्या शंभर हातांत विरघळवतो.

मग मी खोटं बोलू लागले.
आधी पाव इंच. मग एक.
एकदा सांगितलं, धक्क्यावरच्या होड्या दिसेनाशा झाल्यात.
पलीकडे पेन्सिल चालल्याचा आवाज.
त्या वर्षी तो क्रोमरला गेला.

म्हणजे याला बर्फ हवाय की नकोय?

विचारलं नाही. पण खरं सांगायचं ठरवलं,
आणि खरं सांगायचं तर मोजावं लागतं.
नवऱ्याची लाकडी फूटपट्टी मागच्या भिंतीला ठोकली.
वही केली. रेडिओ दिवसातून तीनदा.
वारा ईशान्येचा म्हणाले
की पिठाच्या हातांनीच अंगणात.
हसतात शेजारी. हसू देत.

यंदा एकोणीस तारीख उलटली तरी फोन नाही.
आणि विसाव्या पहाटे
शांततेनेच जाग आली.
पट्टीवर साडेचार.
बेकरीची डबडी गुबगुबीत,
मांजराचे सात ठसे, मग माघार.
कोट चढवून पुढे गेले: कठडा, बाकं,
आइस्क्रीमचं कुलूपबंद दुकान,
भरतीच्या रेषेपर्यंत वाळू, सगळं पांढरं.
समुद्र तेवढा काळा,
पडेल ते गिळतोय
आणि ओठाला काही लागू देत नाही.

मीच लावला फोन.
खूप वेळ वाजला. मग खोकला, मग तो.
"पाय मोडलाय. फोन खालच्या मजल्यावर."
"साडेचार," मी म्हणाले.
तो गप्प.
"समुद्रावर?"
"समुद्रावर नाही ठरत."
"नाही ना?" असा खूश झाला,
जसा काही पोराचा निकाल लागला.
मग पेन्सिल शोधायची खुडबुड.
"ऑगस्टचा दुसरा आठवडा. मागचीच खोली."
"पुढची देते, त्याच भावात."
"नको, नको. समुद्र कसा, रोज उठून चालत जाऊन..."
वाक्य तिथेच राहिलं.

व्हिटबीला विचारलं का, हे मी विचारलं नाही.
वहीत लिहिलं: फायली, साडेचार. समुद्र, शून्य.
खोली तिसऱ्या मजल्यावर आहे,
जिना अरुंद, वळणावर कठडाही नाही.
सुताराला सांगायला हवं
रस्ते मोकळे झाले की.